तिखट, उष्णता आणि सुपारी

गेल्या महिन्यात अक्कलदाढ ठणकायला लागली म्हणून घराजवळच्या डेंटिस्ट बाईंकडे गेलो होतो. खुर्चीत रेललो, डोळ्यांवर तो पांढरा दिवा आला आणि आमचा संवाद सुरू झाला.

"मोठा आ करा."

"आ..."

"अजून मोठा."

"एवढाच होतो."

बाई थांबल्या. ड्रॉवरमधून एक छोटी प्लास्टिकची पट्टी काढली, माझ्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये धरली आणि असिस्टंटला आकडा सांगितला, "एकतीस मिलिमीटर." मग ग्लोव्हजमधलं बोट गालाच्या आतून फिरवलं. पुढचा प्रश्न दाढेचा नव्हताच.

"सुपारी खाता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे दिवसाला किती पाकिटं?"

इथे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. चार. रिलीज असेल त्या आठवड्यात सात-आठ. इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षात सबमिशनच्या रात्री जागायला म्हणून सुरू केलं, मग नोकरी लागली, नाईट सपोर्ट आला, आणि हापिसखालच्या टपरीवर चहाबरोबर पाकीट फोडणं अंगवळणी पडलं. सहा-सात वर्षं झाली. पण मी ताबडतोब बचाव केला, "तंबाखूला मात्र कधी हात लावला नाही हं. साधी गोड सुपारी."

बाई काही बोलल्या नाहीत. केसपेपरवर चार अक्षरं लिहिली : ओएसएमएफ. लांबलचक नाव, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. दाढ काढायला पुन्हा बोलावलं, सुपारी आजपासून बंद म्हणाल्या, आणि मी घरी येऊन, आपल्या धंद्याच्या सवयीप्रमाणे, त्या नावाचा माग काढायला बसलो. तीन विकांत त्यात गेले. हा लेख म्हणजे त्या तीन विकांतांचा हिशोब.

त्याआधी एक कबुली. हे दुखणं काही एका दिवसात आलं नव्हतं. दीडेक वर्षापासून मला तिखट सोसत नव्हतं. पाणीपुरी खाल्ली की तोंडात आग. मिसळ तर बंदच झाली होती. माझं निदान : मेसवाला मिरची जास्त घालतो. आईचं निदान : "उष्णता वाढलीय, रात्री जागतोस ना! गुलकंद खा, सब्जा घाल पाण्यात." मी गुलकंद खाल्ला. वर सुपारी खाल्ली. आता हे दोन शब्द, तिखट आणि उष्णता, लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

नावं कशी पडतात

तोंडाच्या आत जे ओलसर अस्तर असतं त्याला डॉक्टर म्युकोसा म्हणतात. मराठी विश्वकोशात श्लेष्मकला असा भारदस्त शब्द आहे. मी आपलं अस्तरच म्हणतो. गंमत म्हणजे या अस्तराच्या रोगांची बरीचशी नावं कातडीच्या रोगांवरून आलेली आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात तोंडात डोकावून नावं देणारे बरेच जण त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे जे शब्द होते तेच त्यांनी आत वापरले. जिभेवर जाड पांढरा थर दिसला की कुणी त्याला इक्थिऑसिस म्हणे, म्हणजे माशासारखी खवल्यांची कातडी. कुणी सोरायसिस म्हणे. खरं तर तो ना हा रोग होता ना तो.

मग १८७७ साली बुडापेस्टच्या एर्न्स्ट श्विमर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने एक नवा शब्द काढला, ल्युकोप्लेकिया. ग्रीकमध्ये ल्युकोस म्हणजे पांढरा आणि प्लॅक्स म्हणजे सपाट पत्रा, फरशी. थोडक्यात, पांढरा चट्टा. बस्स, एवढंच! हा पांढरेपणा येतो कुठून? कातडीवर जो केराटिनचा मेलेला थर असतो तो गालाच्या आतल्या अस्तरावर एरवी नसतो. तिथे सतत धूर, चुना, तंबाखू किंवा घर्षण पोचत राहिलं की अस्तर स्वतःला वाचवायला असा थर चढवू लागतं. तो थर लाळेत भिजतो आणि पांढरा दिसतो, जसे खूप वेळ भांडी घासल्यावर बोटांचे तळवे पांढरे पडतात तसे. त्या थराला हायपरकेराटोसिस म्हणतात. आणि खालच्या पेशींची शिस्त बिघडायला लागली, आकार-रचना वेडीवाकडी झाली, की तो डिस्प्लेजिया. काळजीचं खरं कारण हा दुसरा शब्द आहे, पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

दुसरं एक नाव मला फार आवडलं. लंडनच्या इरॅस्मस विल्सनने १८६९ साली दिलेलं, लायकेन प्लेनस. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतो ते! कातडीवर आणि गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी दिसते, ती विल्सनला दगडावरच्या दगडफुलासारखी वाटली असावी. नाव छान आहे, चित्रही डोळ्यांपुढे येतं, पण रोग कशाने होतो यावर अक्षर नाही.

म्हणजे बघा, ही सगळी नावं "कसं दिसतं" याची आहेत. आमच्याकडे कुणी बग नोंदवला आणि शीर्षक दिलं "स्क्रीन पांढरी दिसते", तर आम्ही त्याला परत पाठवतो. अहो, पांढरी दिसते हे खरं, पण का? मात्र पुढे शंभर वर्षांनी, १९७८ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या केंद्राने ल्युकोप्लेकियाची जी व्याख्या केली तीही अशीच होती : असा पांढरा चट्टा की जो दुसऱ्या कुठल्याही रोगात बसवता येत नाही. प्रोग्रामर मंडळींनी लगेच ओळखलं असेल, हा तर शेवटचा 'एल्स' ब्लॉक. आधीच्या सगळ्या अटी खोट्या ठरल्या की इथे या.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे मलाही हळूहळू कळलं. कारण माहीत नसताना दिसेल तेवढंच लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे. कारण माहीत नसताना ते नावात घुसडलं की घोटाळा होतो. माझ्या रोगाचं पहिलं नाव नेमकं तसं होतं.

पहिलं नाव : उष्णता

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्याने केनियातल्या पाच भारतीय बायकांचं वर्णन केलं. पाचही जणींचं तोंड पुरेसं उघडत नव्हतं, अस्तर पांढुरकं आणि ताठ झालं होतं. त्याने रोगाला नाव दिलं, अॅट्रोफिया इडिओपॅथिका ट्रॉपिका म्युकोसी ओरिस. लॅटिन बघून घाबरू नका, सोडवून बघू. अॅट्रोफिया म्हणजे सुकणं, झिजणं. म्युकोसी ओरिस म्हणजे तोंडाच्या अस्तराचं. इडिओपॅथिका म्हणजे कारण अज्ञात, आमच्या भाषेत 'अननोन एरर'. आणि ट्रॉपिका म्हणजे उष्ण कटिबंधातलं.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ट्रॉपिका! म्हणजे आईचं निदान! उष्णता!

आता आपण जरा विचार करू. केनियात ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं. मग रोगी म्हणून समोर आलेल्या पाचही बायका भारतीयच का? उन्हाने होत असेल तर तिथल्या मूळ रहिवाशांना आधी व्हायला हवा. पुढे हाच रोग दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांमध्ये दिसला आणि नंतर लंडनमध्येही. लंडनला उष्ण कटिबंध म्हणायचं तर कठीणच आहे. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या आपल्या लोकांनी बरोबर बरंच काही नेलं होतं, त्यात पानदानही होतं. ते नावात आलं नाही. हवामान आलं.

दुसरं नाव : मुंबईचं

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आपले रुग्ण बघून या रोगावर लिहिलं आणि त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं, टाळू आणि घशाच्या कमानींचा. सब म्हणजे खाली, म्युकस म्हणजे अस्तराचं, फायब्रोसिस म्हणजे तंतू साठणं. अस्तराच्या खाली तंतू साठतात. साधं, सरळ, आणि जे दिसलं तेवढंच. ना ऊन, ना इडिओपॅथिक. आज जगभर जे नाव चालतं त्याचं मूळ इथे आहे. १९५४ साली तैवानमध्ये सू यांनी याच रोगाला तोंडाचा स्क्लेरोडर्मा म्हटलं, म्हणजे कडक कातडी. पुन्हा कातडीचा शब्द उसना घेतलेला. तैवानमध्येही सुपारी खातात हे वेगळं सांगायला नको. पण टिकलं ते मुंबईचं नाव.

जोशींच्या नावाचा अर्थ माझ्या गालात मला बोटाने लागतो. आतून चाचपलं की सुतळीसारखा पट्टा हाताला येतो. हे तंतू म्हणजे कोलॅजेन. आपल्या शरीरात ते सतत तयार होतं आणि सतत मोडलं जातं. आवक-जावक बरोबर असली की अस्तर लवचिक राहतं. आवक वाढली आणि जावक अडली की गालात दोर वळले जातात. मग तोंड उघडत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. वरचं अस्तर पातळ होतं म्हणून तिखट झोंबतं. म्हणजे माझ्या बाबतीत मेसवाल्याची मिरची वाढली नव्हती, माझं अस्तर विरळ झालं होतं.

तिसरा आरोपी : तिखट

हा भाग सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण यातली माणसं खरोखरच मोठी आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गोमंतकीय मराठी घरातले. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्यांनी विकृतिशास्त्राचं काम उभं केलं आणि १९५२ साली सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक झाले. त्यांच्या सहकारी डॉ. सत्यवती शिरसाट यांनी परळला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभी केली. या दोघांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खास आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला झोंबणारा पदार्थ, लावत राहिले. टाळूत फायब्रोसिससारखे बदल दिसले.

म्हणजे माझं निदान! मिरची!

आता यात चूक काय होती? प्रयोग चुकीचा नव्हता. उंदराच्या टाळूत जे झालं ते झालं. रुग्ण तिखट झोंबतं म्हणून येत होते, तिखट खाणारे होते, संशय येणं साहजिक होतं. पण रुग्ण ज्याची तक्रार करतो ते कारण असतंच असं नाही. मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेत लोक भरपूर मिरची खातात, तिथे हा रोग दिसत नाही. फक्त आपल्याकडचे रुग्ण बघत बसलं तर हे कधीच कळणार नाही, कारण आपल्याकडे मिरची सगळेच खातात. रोग असलेले आणि नसलेले, दोन्ही मोजावे लागतात.

मोजणीचं ते काम मुंबईत सुरू झालं.

दारोदार

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हटलं की आपल्याला होमी भाभा, अणू, कॉस्मिक किरण असलं काहीतरी आठवतं. पण त्याच संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता आणि डॉ. फली मेहता तो चालवत होते. डेन्मार्कहून येन्स पिंडबोर्ग हे मुखरोगांचे तज्ज्ञ त्यांच्याबरोबर काम करायला येत. १९६५ साली पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा हजार मुंबईकरांच्या तोंडांची पाहणी प्रसिद्ध केली. १९६६ साली पिंडबोर्ग आणि शिरसाट यांनी मिळून ओरल सबम्युकस फायब्रोसिसची जी व्याख्या लिहिली ती पुढे कित्येक दशकं वापरली गेली. मिरचीवर संशय घेतलेल्या शिरसाटबाईच इथेही होत्या, हे मला फार बरं वाटलं. संशय चुकला म्हणून त्यांनी रोगाकडे पाठ फिरवली नाही.

मग गावं. गुजरातमध्ये भावनगर, केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम, तेव्हाच्या बिहारमधले सिंघभूम आणि दरभंगा. घरोघर जाऊन ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासली, ते निष्कर्ष १९६९ मध्ये आले. १९७२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसं! आम्ही दहा हजार ओळींचा डेटा स्वच्छ करताना कुरकुरतो. इथे प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, ओसरीवर बसवून, आ करायला लावून, काय खातोस, काय ओढतोस, विचारून लिहिलेला.

यातला एक गट पुढे वर्षानुवर्षं बघितला गेला. एर्नाकुलमचे ६६ रुग्ण, सतरा वर्षं. १९८५ साली निष्कर्ष आला : ६६ पैकी ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. हा आकडा मी दोन-तीन वेळा वाचला. मग लॅपटॉप मिटून बाहेर चक्कर मारून आलो.

आरोपी सापडला

सुपारीवरचा संशय अनेकांना आधीपासून होता, पण पक्का पुरावा हळूहळू जमला. १९८१ मध्ये लंडनच्या कॅनिफ आणि हार्वे यांनी दाखवलं की सुपारीच्या अर्काने कोलॅजेनचं उत्पादन वाढतं. कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात, आणि सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं त्यांना चेतवतात, हे त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं. म्हणजे आवक वाढली. सुपारीतल्या टॅनिनमुळे जुनं कोलॅजेन मोडणं अवघड होतं. म्हणजे जावक अडली. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या विकराला तांबं लागतं. सगळं कोडं जुळलं.

१९९० मध्ये भावनगरच्या ६० रुग्णांची ६० निरोगी माणसांशी तुलना प्रसिद्ध झाली. रुग्णांपैकी जवळजवळ सगळे सुपारी खाणारे. तिथे मावा चालतो : सुपारीचे काप, थोडा तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळून. १९९६ मध्ये हैदराबादच्या एका अभ्यासात पानमसाला खाणारे आणि विड्याचं पान खाणारे अशी तुलना झाली. पानवाल्यांना हा रोग व्हायला सरासरी साडेआठ वर्षं लागली होती, पानमसालावाल्यांना पावणेतीन.

इथे मला माझी आजी आठवली. "आजीने आयुष्यभर सुपारी खाल्ली, तिला काय झालं?" हा माझा ठेवणीतला युक्तिवाद होता. आजीकडे पितळी अडकित्ता होता, जेवण झालं की ती रोठ्याची खांडं कातरायची, एखादं तोंडात टाकायची, थोड्या वेळाने थुंकून चूळ भरायची. दिवसातून दोनदा. मी वाळवलेली, भुकटी केलेली, सुवास लावलेली सुपारी दिवसभर गालात धरून बसायचो. आजी आणि मी एकच वस्तू खात होतो असं म्हणणं म्हणजे एक कप चहा आणि रात्रभर उकळलेली अख्खी किटली एकच म्हणणं. आणि आजी निसटली म्हणून सुपारी निर्दोष ठरत नाही. ६६ पैकी ६१ जणांनाही त्या सतरा वर्षांत कॅन्सर झाला नव्हता, उरलेल्या पाचांना त्याचा काय उपयोग?

"तंबाखू नाही ना, मग काय?"

हे वाक्य मी सात वर्षं बोललो, आणि बाईंच्या खुर्चीतही पहिलं तेच निघालं. शोध घेतल्यावर कळलं की ते एकट्या माझं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली म्हटलं होतं की तंबाखू घातलेला विडा कॅन्सरकारक आहे, बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा आहे. २००३ साली त्याच संस्थेने पुन्हा पुरावा तपासला आणि निकाल बदलला : बिनतंबाखूचा विडाही कॅन्सरकारक, आणि नुसती सुपारीसुद्धा. मधली अठरा वर्षं बघा. याच वर्षांत पाकिटं गावोगावी टपऱ्यांवर माळांसारखी लटकायला लागली.

आपल्याकडचे कायदेही बहुतेक तंबाखूभोवती फिरत राहिले. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली कारण राज्याला तो अधिकारच नव्हता. मग खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटीन नको असा केंद्रीय नियम २०११ मध्ये आला आणि त्याच्या आधारावर २०१२ च्या जुलैमध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. मी तेव्हा शाळेत होतो, शिक्षकांनी वर्गात बातमी वाचून दाखवली होती. आमच्या डोक्यात उरलं ते एवढंच : गुटखा वाईट, तंबाखू वाईट. सुपारी? ती तर पूजेत असते! गणपती म्हणून मांडतो ती, लग्न ठरलं की फुटते ती. तिच्यावर संशय कोण घेणार?

आणि माझ्या केसपेपरवरचं नावही तिच्याबद्दल गप्पच आहे. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. कुठे, अस्तराखाली. काय, तंतू. कशाने? उत्तर नाही.

नावात कारण घालायची रीतच नाही असंही नाही. पान खाणाऱ्यांच्या गालाच्या आत जो तपकिरी-लाल, सालपटं निघणारा थर जमतो त्याला पुस्तकात 'बीटल च्यूअर्स म्युकोसा' म्हणतात, पान चघळणाऱ्याचं अस्तर. तो स्वतः कॅन्सरपूर्व मानला जात नाही. १९७९ मध्ये टीआयएफआरच्याच मंडळींनी महाराष्ट्रात तंबाखू-चुना मळून ओठाखाली धरणाऱ्यांच्या तोंडातला बदल नोंदवला आणि तंबाखू-चुनावाल्यांचा चट्टा असंच नाव दिलं. म्हणजे पानाच्या साध्या डागावर कारणाचं नाव लिहिलंय, आणि जो दोर गाल आवळतो, कधी कॅन्सरपर्यंत नेतो, त्यावर नाही.

यात कुणाचा कट नाही. डॉ. जोशींनी १९५३ साली नाव दिलं तेव्हा कारण माहीत नव्हतं, आणि त्यांनी नसलेलं ज्ञान नावात घातलं नाही हेच योग्य केलं. श्वार्ट्झने घातलं आणि ऊन गुन्हेगार ठरलं. पण कारण सापडल्यावरही नाव तेच राहिलं, आणि त्या मोकळ्या जागेत आपण सोयीचं काहीही भरू शकतो. आईने उष्णता भरली. मी मिरची भरली. सत्तर वर्षांपूर्वी शास्त्राने जिथे ठेच खाल्ली नेमक्या त्याच दोन दगडांवर आम्ही मायलेक अडखळलो. फरक एवढाच की शास्त्राला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माझ्या हातातल्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

नावं बदलतात, नाही असं नाही. ल्युकोप्लेकिया, फायब्रोसिस वगैरेंना पूर्वी सरसकट कॅन्सरपूर्व म्हणत. २००५ साली लंडनला भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं की 'कॅन्सरची शक्यता असलेले विकार' म्हणायचं, कारण सगळ्यांचंच रूपांतर होत नाही, आणि झालंच तर नेमकं त्याच चट्ट्यातून होतं असंही नाही. एका शब्दाने किती फरक पडतो बघा. 'पूर्व' म्हटलं की गाडी निघालीच. 'शक्यता' म्हटलं की अजून उतरता येतं. मला त्या बैठकीतल्या लोकांचे आभार मानावेसे वाटतात.

२०२२ साली जगभरात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३,८९,८०० नवे रुग्ण होते. त्यातले सुमारे १,२०,२०० धूरविरहित तंबाखू आणि सुपारीमुळे झाले, असा अंदाज त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या अभ्यासात आहे. त्यापैकी भारतातले सुमारे ८३,४००. तिखटामुळे किंवा उन्हामुळे किती, असा रकानाच त्यात नाही.

असो.

दाढ निघाली. बाईंनी आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिलाय. रोज सकाळ-संध्याकाळ दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, जितक्या मावतील तितक्या, आणि हळूहळू एक एक वाढवायची. गालातले तंतू पूर्वीसारखे होणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. सुपारी सुटली तर पुढे वाढणं थांबू शकतं, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. पहिला आठवडा भयंकर गेला. टपरीवर चहा प्यायला जायचं बंद केलं, चिडचिड झाली, एका कोड रिव्ह्यूमध्ये उगाच भांडलो. आता बडीशेप खातो आणि लोक हसतात.

तुम्ही सुपारी खात असाल तर हातातलं काम ठेवा आणि एक करून बघा. स्वतःची तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी तोंडात घाला. गेली तर उत्तम. नाही गेली तर दाढ दुखायची वाट बघू नका.

आईला मी फोनवर आधी रोगाचं इंग्रजी नावच सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे उष्णताच ना रे?" मी हो म्हणून फोन ठेवला. गेल्या रविवारी घरी गेलो तेव्हा खरं सांगितलं. म्हटलं, आई, सुपारीने होतं ते. ती काही बोलली नाही. रात्री जेवण झाल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे फडताळातला आजीचा अडकित्ता काढला, तर तिने तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत आत ठेवून दिला.

आज सकाळी काड्या मोजल्या. सतरा बसल्या. गेल्या आठवड्यात पंधरा होत्या.